टिपून ठेवणारा हात



चिंतन ग्रंथांतच असते, असा आपला समज असतो. असोद्याच्या बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांना अक्षरओळख नव्हती. जात्यावर, शेतात त्यांना गाणी सुचत. चिरंजीव सोपानदेव व एक आप्त ती कागदावर उतरवीत. या सभागृहातील किती आजींच्या ओव्या अशा कागदावर आल्या असतील? बहिणाबाईंच्या निधनानंतर ते लेखन आचार्य अत्र्यांच्या दृष्टीस पडले आणि १९५२ साली ‘बहिणाबाईंची गाणी’ प्रसिद्ध झाली. कवयित्रीने आपले पुस्तक पाहिलेच नाही!

बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांचे तसे नव्हते. त्यांनी स्वतः लिहिले, १८८२ मध्ये ‘स्त्रीपुरुषतुलना’ छापलेही. विधवेला एक न्याय आणि विधुराला दुसरा का, हा त्यांचा रोखठोक प्रश्न अनेकांना रुचला नाही. महात्मा फुले यांनी १८८५ साली ‘सत्सार’मध्ये त्यांची बाजू घेतली, पुढे मात्र ग्रंथ विस्मृतीत गेला. स. गं. मालशे यांनी तो १९७५ साली पुन्हा प्रकाशात आणला. तब्बल ९३ वर्षे! एकीचे शब्द घराने राखले, दुसरीचे समाजाने हरवले. मला हे दुसरे अधिक बोचते, कारण तेथे शब्द छापलेले होते आणि वाचणारेही साक्षर होते.