आधी घरात!


वाणगावकर, जरा कान द्या.

तारापूरचं अणुवीज केंद्र 1969 पासून वीज देतंय.
तिथं अपघात झालाच, तर काय करायचं?
त्याची रंगीत तालीम जिल्हा प्रशासन अधूनमधून घेतं.

पहिली सूचना एकच.
घरात चला.
मिरचीच्या वाडीत असाल, तरी घरात चला.

दारं-खिडक्या लावा.
पंखा बंद करा.
पिण्याचं पाणी झाका.
रेडिओ लावा.

स्टेशन गाठायची घाई बहुतेकांना होतेच.
पण धोका बाहेरच्या हवेत असतो.
म्हणून पुन्हा सांगते, आधी घरात!

आयोडीनची गोळी मिळेल.
ती गळ्यातल्या थायरॉईड ग्रंथीला किरणोत्सारी आयोडीनपासून जपते.
बाकी कशापासून नाही.
म्हणून सांगतील तेव्हाच घ्यायची.

आणि हो, गुरं गोठ्यात बांधा.
चारा झाकलेलाच घाला.