पऱ्ह्याच्या काठचा उजेड

छत्रपती संभाजीनगरातली, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादेतली पाणचक्की आपल्यापैकी अनेकांनी पाहिली असेल. डोंगरातल्या झऱ्याचे पाणी नहरीने आणायचे, उंचावरून चाकावर सोडायचे आणि त्यावर जाते फिरवायचे. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्यात उतरणाऱ्यांसाठी तिथे पीठ दळले जाई. आज त्याच पाण्याकडे आपण उजेड मागतो.

सह्याद्रीच्या कुशीतली एखादी वाडी घ्या. तारा आलेल्या आहेत, पण पावसाळ्यात झाड कोसळले की दोन-दोन दिवस अंधार. शेजारून पऱ्ह्या मात्र रात्रंदिवस वाहतो. अशा वेळी हौशी माणसाला भंगारातला मोटारीचा अल्टरनेटर आठवतो. स्वस्त, मजबूत आणि कुठल्याही गॅरेजात दुरुस्त होणारा. कल्पना चांगली आहे. मात्र खिशात हात घालण्यापूर्वी हिशेब करावा.

सेकंदाला किती लिटर पाणी येते आणि ते किती मीटर खाली पडते, यांचा गुणाकार करा, त्याला दहाने गुणा. १० लिटर पाणी ५ मीटर पडले, तर ताकद सुमारे ५०० वॉट. चाक, पट्टा आणि अल्टरनेटर आपापला वाटा घेतात. हाती दीडशे वॉट आले तरी पुष्कळ. तेवढ्यावर ९ वॉटचे दहा-बारा एलईडी दिवे सहज लागतात. वाडीतल्या तीन-चार घरांचे रात्रीचे काम भागले!

आता यंत्राचा स्वभाव. मोटारीतला अल्टरनेटर इंजिनच्या दुप्पट-तिप्पट वेगाने फिरतो. मिनिटाला हजाराच्या आत फेरे असतील, तर तो जवळजवळ काहीच देत नाही. पाण्याचे मोठे चाक सावकाश फिरते. म्हणून मोठी पुली, छोटी पुली आणि पट्टा यांनी वेग वाढवावा लागतो. शिवाय त्याचे चुंबक कायमचे नसते. ते जागे ठेवायला बॅटरीतून वीज द्यावी लागते. थोड्या कमाईत हा खर्च जाणवतो. म्हणूनच काही जाणकार आतला फिरता भाग बदलून तिथे कायमचे चुंबक बसवतात.

तिसरी गोष्ट तारेची. १२ व्होल्टवर दीडशे वॉट म्हणजे साडेबारा अँपिअर. घरच्या वायरिंगमधल्या अडीच चौरस मिलिमीटरच्या तारेने ते शंभर मीटर न्यायचे म्हटले, तर सगळे व्होल्ट वाटेतच संपतील. त्यापेक्षा बॅटरी आणि इन्व्हर्टर पऱ्ह्याकाठी, पक्क्या छपराखाली ठेवावेत आणि २३० व्होल्टची तार घरी न्यावी. हे काम मात्र जाणत्या वायरमनकडूनच करून घ्यावे. ओल्या जागी विजेशी खेळ नको. बॅटरी भरल्यावर उरलेली वीज जिरवायला एखादा हीटरही जोडावा, नाहीतर ओझे उतरलेले चाक बेफाम सुटते.

आपले बरेचसे पऱ्हे दिवाळीनंतर आटू लागतात, हे खरे. पण आभाळ भरलेले असते आणि सौर पट्टी मलूल पडते, तेव्हाच ते भरात असतात. दोघांनी वर्ष वाटून घ्यावे.

आणि पाणी आपण संपवत नाही. त्याचे पडणे तेवढे वापरतो. चाकाखालून ते पुन्हा पऱ्ह्यातच सोडावे. मधल्या टप्प्यातही मासे-खेकड्यांपुरती धार वाहती ठेवावी. तेव्हा भंगारवाल्याकडे जाण्याआधी बादली, घड्याळ आणि मोजपट्टी घेऊन काठावर जा. बादली किती सेकंदांत भरते, ते आधी पाहा.