फळांची खातेवही



रौप्यमहोत्सवानिमित्त आरोग्यावर दहा मिनिटं बोला, असं सेक्रेटरींनी सांगितलं. मी डॉक्टर नाही, बँकेतून रिटायर झालेला माणूस. तेव्हा स्वतःचंच खातं उघडतो.

चार वर्षांपूर्वी माझ्या अंगावर पित्ताच्या गांधी उठू लागल्या. कुणीतरी हिस्टामिन कमी असलेल्या आहाराची यादी दिली. संत्रं, केळं, अननस, पपई, स्ट्रॉबेरी बंद. मी जास्तीची खबरदारी म्हणून सगळीच फळं सोडली. त्या मे महिन्यात वेळणेश्वरला घरी गेलो. वहिनींनी अढीतला पहिला हापूस कापून पुढे ठेवला. मी ताटली सरकवली. त्या काही बोलल्या नाहीत, पण पुढचे चार दिवस घरात माझ्यासमोर कुणी आंबा खाल्ला नाही. माझं वजन सहा किलो उतरलं आणि गांधी होत्या तशाच!

शेवटी आहारतज्ज्ञ बाईंकडे गेलो. त्यांनी समजावलं, हिस्टामिन आपल्या शरीरातही असतं. अन्नातून आलेलं मोडायला आतड्यात डायअमाइन ऑक्सिडेज नावाचं एन्झाइम असतं. ते कमी पडलं तर त्रास होऊ शकतो. बहुतेक ताज्या फळांत हिस्टामिन थोडंच. संत्रं, अननस यांच्यामुळे शरीरातलं हिस्टामिन बाहेर पडतं म्हणतात, पण त्याला पुरावा कच्चा. खरी शिल्लक मुरलेल्या चीजमध्ये, वाइनमध्ये आणि नीट न ठेवलेल्या मासळीत. बांगडा बर्फाशिवाय राहिला की जिवाणू त्यात हिस्टामिन तयार करतात, आणि ते शिजवूनही जात नाही.

मग मी वही घातली. तीन आठवडे संशयित पदार्थ बंद, नंतर तीन-तीन दिवसांनी एकेक सुरू. काय खाल्लं, किती वाजता, गांधी आल्या का, सगळी नोंद. ताळा जमला तेव्हा माझ्या खात्यात दोघेच सापडले: शिळा बांगडा आणि अननस. सफरचंद, पेअर, शहाळं, आंबा, सगळे निर्दोष. तुमची वही वेगळी निघेल, म्हणून माझी यादी उतरवून घेऊ नका. वही घाला, पण डॉक्टरांच्या सल्ल्याने. आणि ओठ-घसा सुजला, धाप लागली, तर वही बाजूला ठेवून थेट हॉस्पिटल गाठा.

बँकेत चौकशीशिवाय आम्ही कुणाचं खातं गोठवत नसू. हापूसच्या बाबतीत मात्र मी तेच केलं. गेल्या मे महिन्यात वहिनींनी पुन्हा ताटली पुढे केली. या खेपेला मी बाठासुद्धा चोखला.