डबा आणि मैदान

(शाळेच्या हीरक महोत्सवानिमित्त व्हाइटफील्ड, बेंगळुरू येथे भरलेल्या मेळाव्यात मुख्याध्यापिकांनी केलेले भाषण)



शाळेपासून इतक्या दूर स्थिरावूनही तिच्या हीरक महोत्सवासाठी आपण अगत्याने एकत्र आलात, याचा मनस्वी आनंद वाटतो. आज मला लहान मुलांच्या खाण्याखेळण्याविषयी बोलायचे आहे.

आपण जमलो आहोत ते व्हाइटफील्ड १८८२ मध्ये शेतीसाठी वसवले गेले. म्हैसूरच्या महाराजांनी अँग्लो-इंडियन समाजाला ही जमीन कसण्यासाठी दिली होती. आज त्याच भूमीवर संगणक कंपन्यांच्या इमारती आहेत आणि मुलांना खेळायला माती शोधावी लागते. आपल्या शाळेच्या परिसरातही चित्र फार निराळे नाही. ५ ते १७ वर्षांच्या मुलांनी दररोज सरासरी ६० मिनिटे तरी दमछाक होईल असे खेळावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. वेळापत्रकातल्या कवायतीच्या तासांनी ही गरज भागत नाही. त्यासाठी लंगडी, लगोरी, खो-खो हवे आणि मोकळे मैदान हवे.

आहाराचेही तसेच. इथली रागी म्हणजे आपली नाचणीच. १०० ग्रॅम नाचणीत ३०० मिलिग्रॅमहून अधिक कॅल्शियम असते. इथले रागी मुद्दे आणि कोकणातली नाचणीची भाकरी या सख्ख्या बहिणी. तरीही डब्यात बिस्किटेच अधिक दिसतात. जास्त चरबी, साखर वा मीठ असलेले पदार्थ शाळेत आणि फाटकापासून ५० मीटरपर्यंत विकण्यास २०२० च्या नियमांनी मनाई केली आहे. मात्र घरातल्या फडताळावर पहारा आपणच ठेवायचा असतो.

लहान मुले उपदेशापेक्षा अनुकरणातून शिकतात. बाई पंगतीत बसून पालेभाजी खातात, तेव्हा मुलांचेही डबे रिकामे होतात. आईबाबा जिना चढतात, तेव्हा मूलही चढते. ‘भाकरी संपवलीस तर चॉकलेट देईन’ असे म्हटले, की भाकरी शिक्षा ठरते आणि चॉकलेट बक्षीस.

महोत्सवानिमित्त नव्या वर्गखोल्यांसाठी आपण उदारपणे देणग्या देऊ केल्या आहेत. त्या खोल्या मैदानाच्या अर्ध्या भागावर बांधाव्यात, अशीही सूचना आली आहे. त्यामागचा जिव्हाळा मी जाणते. तरीही माझी हात जोडून विनंती आहे, की इमारतीवर मजला चढवावा, मैदान मोकळे ठेवावे. ज्या मातीत आपले गुडघे फुटले, ती पुढच्या पिढीलाही मिळू द्या.