खणांचं घर

आमच्या आजोळी, कोकणात, घर केवढं असं विचारलं तर चौरस फुटांत उत्तर मिळायचं नाही. 'पाच खणांचं आहे' म्हणायचे. दोन खांबांमधली जागा म्हणजे एक खण. संसार वाढला की खण वाढायचा, नाहीतर बाजूला पडवी निघायची. हल्ली माझ्या ऑफिसात मंडळी येतात आणि 'मॉड्यूलर घर पाहिजे' म्हणतात, तेव्हा मला ते खण आठवतात. मंडळींच्या डोळ्यांपुढे मात्र कारखान्यातून ट्रकवर चढून आलेला डबा असतो.

ऑस्ट्रेलियाचे वास्तुविशारद ग्लेन मरकट डब्यांच्या वाटेला गेले नाहीत. जन्म १९३६चा, लंडनचा. बालपण पापुआ न्यू गिनीत. त्यांचं ऑफिस म्हणजे ते स्वतः. हाताखाली कोणी नाही, नकाशे हातानं काढायचे, आणि गिऱ्हाइकानं वर्षानुवर्षं थांबायचं. २००२ साली प्रित्झकर पुरस्कार, म्हणजे आमच्या धंद्यातला सर्वांत मोठा मान, या एकट्या माणसाला मिळाला. आमच्या तिघांच्या ऑफिसाला तेवढाच धीर!

न्यू साऊथ वेल्समध्ये केम्प्सीजवळ त्यांनी १९७५च्या सुमारास एक शेतघर बांधलं. लाकडी खांब-तुळया, वर पन्हळी पत्रा, भिंतींना झडपा, आणि जमीन सोडून वर उचललेलं जोतं, म्हणजे पुराचं पाणी आणि वारा दोन्ही खालून जातील. घराचं तोंड उत्तरेला, कारण तिकडे ऊन उत्तरेकडून येतं. सगळी रचना खणाखणांची आणि सांधे सुटणारे. १९८०मध्ये मरकट यांनी तेच घर स्वतः विकत घेतलं आणि वाढवलं. कसं? टोकाची भिंत सोडवली, पुढे सरकवली, मध्ये नवे खण घातले.

मी आखलेल्या एका घरात मात्र मालकांच्या मुलाच्या लग्नानंतर खोली वाढवायची निघाली, तेव्हा तीन आठवडे ब्रेकर चालला होता आणि राडारोडा टाकायला जागा मिळेना. नकाशा माझाच होता, बोलणार कोणाला?

पण मला जास्त भावतं ते मरकट यांचं दुसरं घर. ऑस्ट्रेलियाच्या उत्तर टोकाला, यिर्काला इथे एका आदिवासी चित्रकर्तीच्या कुटुंबासाठी १९९४मध्ये पुरं झालेलं. सुटे भाग सिडनीच्या बाजूला तयार झाले, अडीच हजारांहून जास्त किलोमीटर लांब गेले आणि जागेवर बोल्टनं जोडले गेले. त्या घराला काचच नाही. प्लायवूडच्या फळ्या वर उचलल्या की भिंतीचा छज्जा होतो. उकाड्यात सारं घर ओसरीसारखं उघडं. एसीची गरज नाही. मुलुख वादळांचा, म्हणून छपरावर हवा सोडणाऱ्या फिरत्या नळ्या बसवल्या आहेत. वादळात पत्रा नुसता वाऱ्यानं उडतो असं आपण समजतो. खरं म्हणजे वेगवान वाऱ्यामुळे छपराच्या वरचा दाब घटतो आणि आत कोंडलेली हवा त्याला खालून ढकलते. ती हवा सुटली की छपरावरचा जोर कमी होतो. जून २०२०मध्ये 'निसर्ग' वादळानंतर रायगडच्या किनाऱ्यावर उघडी पडलेली घरं ज्यांनी पाहिली, त्यांना या नळ्यांचं मोल वेगळं सांगायला नको.

लाकडाचं घर आज आपल्याला परवडणार नाही, कबूल. पण बोल्ट परवडतो, लोखंडी सांगाडा परवडतो, झडपांची खिडकी तर आपल्या आजोबांनाही परवडत होती. वीज वाचवायची म्हणून छतावर सोलर पॅनेल लावायचं आणि खाली पश्चिमेला अख्खी काचेची भिंत घालायची, हा प्रकार मला तरी कळत नाही.

तेव्हा घर बांधायला काढलं असेल, तर आपल्या आर्किटेक्टला एवढंच विचारा, 'ही भिंत उद्या हलवायची झाली तर काय करावं लागेल?' 'फोडावी लागेल' असं उत्तर आलं, तर नकाशा परत करा. तो आर्किटेक्ट मी असलो तरी.