स्वमग्न मुले आणि बाटलीतील औषध



मागच्या महिन्यात एक ताई भेटल्या. मुलगा पाच वर्षांचा. बोलत नाही, हाक मारली तर वळून पाहत नाही. डॉक्टरांनी ऑटिझम, म्हणजे स्वमग्नता, सांगितलेली. त्यांनी पिशवीतून बाटली काढली. "सर, मेंदूला ताकद देणारं ॲण्टिऑक्सिडंट आहे म्हणतात. आम्ही दोघं टोमॅटो तोडायला जातो, ती मजुरी यातच जाते. देऊ का बंद करू?"

शरीरात अन्नापासून शक्ती तयार होताना काही उपद्रवी कण निर्माण होतात. त्यांना आवर घालणारे पदार्थ म्हणजे ॲण्टिऑक्सिडंट. आवळ्यात ते असतात. जुन्नर-आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यात आदिवासी बांधव गोळा करतात त्या हिरड्यातही असतात. स्वमग्न मुलांच्या रक्तात ग्लुटाथिऑन हा संरक्षक पदार्थ कमी आढळल्याचे २००४ मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी मांडले. तेव्हा तो बाहेरून वाढवावा, हा विचार काही वेडगळ नव्हे.

पण परीक्षा काय सांगते? विद्यार्थ्यांनी हे नीट ऐकावे. काही मुलांना औषध द्यायचे, काहींना तसेच दिसणारे पण औषध नसलेले द्यायचे, आणि कोणाला काय दिले हे पालकांनाही कळू द्यायचे नाही. स्टॅनफर्डला २०१२ मध्ये ३३ मुलांवर एन-ॲसिटिल सिस्टीन असे तपासले. चिडचिड कमी झाली. ऑस्ट्रेलियात २०१७ मध्ये सुमारे १०० मुलांवर सहा महिने तपासले. फरक दिसला नाही. तेथे मात्रा कमी होती, हेही सांगितले पाहिजे. म्हणजे फार तर चिडचिडीला थोडा आधार. बोलणे शिकवणारी बाटली अजून निघालेली नाही.

"मग हिरडा उगाळून देऊ?" ताईंनी विचारले. हिरड्याने पोट साफ होते, वाचा येत नाही! आणि 'जीवनसत्त्वच आहे' म्हणून जास्त देऊ नये. अ जीवनसत्त्व यकृतात साठते आणि अपाय करते. मुलाला फिट्स येत असतील तर त्या गोळ्या मनाने मुळीच बंद करू नयेत.

मजुरीचे पैसे खर्चायचेच तर वाचा-उपचाराच्या एसटी भाड्यावर खर्चा. अंगणवाडीत वर्षातून दोनदा तपासणी पथक येते, त्यांना मूल दाखवा. २०१६ च्या कायद्यात स्वमग्नता हे अपंगत्व म्हणून नोंदलेले आहे, प्रमाणपत्र काढा. 'निरामय' योजनेत वर्षाला एक लाखापर्यंत आरोग्य विमा मिळतो, त्यात अशा उपचारांचाही खर्च धरला आहे.

ज्यांच्या घरी असे मूल आहे त्यांनी कार्यक्रम संपल्यावर मला भेटावे. बाटली चालू असेल तर तीही घेऊन यावी, लेबल एकत्र वाचू.