जमिनींतील ओल आणि ती मोजणारें यंत्र

बारामती किंवा इंदापूर तालुक्यांतील जुन्या शेतकऱ्याला 'जमिनींत ओल किती आहे?' असें विचारलें, तर तो उत्तर देण्यापूर्वीं खालीं वांकतो, वीतभर खोलीवरची माती उकरतो, मुठींत घेऊन दाबतो आणि मग मूठ उघडून पाहतो. मातीचा गोळा हाताला चिकटला तर अजून थांबावयास हवें; गोळा झाला, पण अंगठ्यानें दाबतांच फुटला, तर वाफसा आहे; गोळाच झाला नाहीं, तर पिकाला पाणी हवें. वाफसा हा शब्द मोठा अर्थपूर्ण आहे. मातीच्या कणांभोंवतीं पाणी आहे आणि कणांमधील पोकळींत हवाहि आहे, अशी जी मधली अवस्था, तिचें हें नांव. मुळांना पाणी हवें तसा श्वासहि हवा. ओल मोजणाऱ्या यंत्राचें काम इतकेंच, कीं मुठीला जें वीतभर खोलीवर कळतें, तें हात न पोंचणाऱ्या खोलीवर कळावें.

या दोन तालुक्यांत हा प्रश्न केवळ कुतूहलाचा नाहीं. येथें वर्षाचा पाऊस सरासरीनें पांचशें मिलिमीटरांच्या आसपास, आणि तोहि लहरी. १८७६-७७ च्या दुष्काळाच्या काळांत नीरा कालव्याचें काम हातीं घेण्यांत आलें आणि १८८५ च्या सुमारास त्याचें पाणी या भागांत खेळूं लागलें. कोरड्या माळाशेजारीं ऊंस उभा राहिला. परंतु पाण्यामागोमाग एक संकटहि आलें. खोल काळ्या जमिनींतून पाणी लवकर निचरत नाहीं. वारंवार दिलेलें पाणी तळाशीं सांचलें, भूजलाची पातळी वर चढली, आणि तें पाणी उन्हानें उडून जातांना आपल्यांतील क्षार मागें ठेवून गेलें. रानांत पांढरें मीठ फुटलें. पुण्याच्या शेतकी कॉलेजांतील डॉ. हॅरोल्ड मॅन यांनीं ताम्हणे यांच्यासह नीरा खोऱ्यांतील खारवट जमिनींवर पुस्तिका प्रसिद्ध केली, ती १९१० सालीं. म्हणजे पाटाचें पाणी येऊन पुरीं तीस वर्षेंहि झालीं नव्हतीं. तहानेनें करपलेलें रान पुढच्या पावसांत हिरवें होतें. पाण्यानें चोपण झालेलें रान सुधारावयास चर खणावे लागतात आणि वर्षेंचीं वर्षें जातात.

एवढें ठाऊक असूनहि शेतकरी जास्त पाणी कां देतो? पाटाचें पाणी पाळीनें येतें, आणि पुढची पाळी वेळेवर येईल याची खात्री नसते. हातीं आलें तें पिकाच्या मुळाशीं घालून ठेवावें, हा विचार अडाणीपणाचा नव्हे, भीतीचा आहे. विहिरीच्या किंवा उजनी जलाशयांतून पंपानें उचललेल्या पाण्याला पाळीचा तितका लगाम नाहीं; परंतु तेथें सवय आड येते. अशा ठिकाणीं भीति आणि सवय या दोहोंना उत्तर देणारा एक आंकडा हातीं असणें उपयोगाचें ठरतें.

हा आंकडा देणारीं यंत्रें मुख्यतः दोन जातींचीं. पहिल्या जातीचें यंत्र म्हणजे टेन्शिओमीटर. पाण्यानें भरलेली बंद नळी, तिच्या खालच्या टोंकाला भाजक्या मातीचा सच्छिद्र पेला आणि वरच्या टोंकाला घड्याळासारखी तबकडी. जमीन सुकूं लागली कीं ती पेल्यांतून पाणी ओढते, आणि त्या ओढीचा जोर तबकडीवर सेंटिबारमध्यें दिसतो. कांटा दहाच्या खालीं असला तर जमीन तुडुंब ओली आहे. तीस ते साठ ही पाणी देण्याची नेहमींची वेळ. भारी काळ्या रानांत साठाच्या पुढेंहि थोडें थांबतां येतें. ऐंशींच्या पलीकडे मात्र नळींत हवा शिरते व यंत्र मुकें होतें. शिवाय काळी जमीन सुकून भेगाळली तर पेल्याचा मातीशीं संबंध तुटतो.

दुसऱ्या जातीचीं यंत्रें विजेचीं. दोन सळया मातींत खोंचावयाच्या आणि त्यांच्यामधून वीज किती सहज जाते तें पाहावयाचें. कोइमतूरच्या ऊंस पैदास संस्थेनें याच तत्त्वावर एक सोपें यंत्र केलें आहे. त्यांत आंकडे नाहींत, रंगीत दिवे आहेत: निळा दिवा म्हणजे भरपूर ओल, हिरवा म्हणजे पुरेशी, नारिंगी म्हणजे पाण्याची वेळ जवळ आली, तांबडा म्हणजे आतां उशीर नको. किंमत कमी, वापर सोपा. परंतु विजेच्या यंत्राची एक खोड खरेदीपूर्वींच ओळखून ठेवली पाहिजे. तें पाणी मोजीत नाहीं. विजेचा मार्ग मोजतें. पाण्यांत मीठ असलें कीं तो मार्ग सुकर होतो. म्हणून खारवट रानांत ओल बेताची असतांहि यंत्र ती भरपूर असल्याचें सांगूं शकतें.

शहरांतील घरांनाहि हा अनुभव येतो. पावसाळ्यानंतर भिंतीला दोन टांचण्यांचें यंत्र लावून रंगारी 'भिंत ओली आहे' असें सांगतो. कित्येकदां भिंत सुकलेली असते आणि आंकडा चढलेला असतो तो पोपड्यांमागच्या क्षारामुळें. भिंत असो वा शेत, नियम एकच: आधीं क्षाराची परीक्षा, मग यंत्राची निवड. बारामतीच्या कृषि विज्ञान केंद्रासारख्या ठिकाणीं माती तपासून घेतां येते. क्षार बेताचा असेल तर कोणतेंहि चांगलें यंत्र चालेल. अधिक असेल तर ओढ मोजणारा टेन्शिओमीटर पत्करावा, कारण मिठानें त्याचा कांटा सहसा फसत नाहीं.

यंत्र विकत घेतल्यावर तें पारखून घ्यावें. रानांतील ओली माती तोलावी, १०५ अंश उष्णतेवर चोवीस तास सुकवून पुन्हां तोलावी. सव्वाशें ग्रॅम माती सुकून शंभर ग्रॅम उरली, तर ओल शेंकडा पंचवीस. मात्र हा आंकडा सर्व जमिनींना एकच अर्थ सांगत नाहीं. वाळूसर रानांत शेंकडा वीस ओल म्हणजे चैन; चिकण काळ्या रानांत तेवढ्याच ओलींत पीक मान टाकण्याच्या बेतास येतें, कारण चिकण माती पाणी घट्ट धरून ठेवते.

पुढची गोष्ट जागेची. बांधाजवळ किंवा पाणी सांचणाऱ्या सखल कोंपऱ्यांत यंत्र पुरूं नये. पीक सरासरीचें असेल तेथें पुरावें. शक्य तर दोन यंत्रें घ्यावींत: एक सुमारें पाऊण फुटावर, दुसरें दीड ते दोन फुटांवर. वरचें यंत्र पाणी केव्हां द्यावें तें सांगतें. खालचें किती द्यावें तें सांगतें. पाणी दिल्यावर खालचें यंत्र दिवसचे दिवस ओलेंच राहिलें, तर पाणी मुळांना ओलांडून तळाशीं सांचत आहे असें समजावें. रोज सकाळीं एकाच वेळीं आंकडा पाहून वहींत टिपावा. एका दिवसाचा आंकडा थोडें सांगतो. पंधरा दिवसांचे आंकडे जमिनीचा स्वभाव सांगतात.

२०२४ सालीं बारामतीच्या ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टनें ऑक्सफर्ड विद्यापीठ व मायक्रोसॉफ्ट यांच्या साहाय्यानें उंसाच्या शेतांत कृत्रिम बुद्धिमत्तेचे प्रयोग केले. त्यांत मातींतील संवेदकांची माहिती शेतकऱ्याच्या हातांतील फोनपर्यंत जाते. साधन कितीहि पुढें गेलें, तरी मातींत खोंचलेल्या टोंकाजवळ जें असेल तेंच तें सांगणार. म्हणून महिन्यांतून एकदां तरी यंत्राशेजारची माती उकरून मुठींत दाबून पाहावी. मूठ आणि यंत्र यांचें एकमत झालें तर ठीक. न झालें तर प्रथम यंत्राची जागा तपासावी, मग मातींतील मीठ. आणि दोघांनींहि ओल आहे असें सांगितलें, तर पाळी दारीं आलेली असली तरी त्या दिवशीं दारें धरूं नयेत. नीरेच्या कांठची पुष्कळ जमीन असें एखादें पाणी वेळींच न थांबविल्यानें गेली आहे.